प्रथमोपचाराचा दोन दिवसांचा वर्ग: अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत

घरात सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, त्यांतल्या सासऱ्यांना बरीच वर्षं मधुमेह, आणि जोडीला एक रांगतं बाळ. अशा घरात निदान एकाला तरी प्रथमोपचार यायला हवेत, हे मला केव्हापासून वाटत होतं. व्हिडिओ भरपूर पाहिले होते, पण ते पाहून उठलं की मनात प्रश्नच जास्त उरायचे. समोरचा माणूस नुसता चक्कर येऊन पडलाय की त्याचं हृदय बंद पडलंय, हे मला कळणार कसं? बाळाला ठसका लागलाय की खरंच श्वास अडकलाय? फेब्रुवारीत शेवटी ठरवलं की रीतसर वर्गाला जायचं. प्रमाणपत्र परवा हातात पडलं. मधे काय काय झालं ते क्रमाने लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा असा सलग अनुभव मला कुठे वाचायला मिळाला नव्हता.

चौकशी केल्यावर कळलं की वर्ग साधारण तीन प्रकारचे असतात. अर्ध्या दिवसाचा, त्यात फक्त सीपीआर (हृदय थांबल्यावर छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं) आणि घशात घास अडकल्यावर काय करायचं ते. दोन दिवसांचा पूर्ण प्रथमोपचार. आणि घरबसल्या ऑनलाइन. ऑनलाइन वर्ग माहितीसाठी चांगला, पण छातीवर किती जोर लावायचा हे पडद्यावरून समजत नाही, आणि कामाच्या ठिकाणी प्रमाणपत्र दाखवायचं असेल तर नुसतं ऑनलाइन पुष्कळदा चालत नाही. मी दोन दिवसांचा घेतला. फोनवर हे नक्की विचारा: एका डमीमागे, म्हणजे सरावाच्या बाहुलीमागे, किती जण असतील, लहान बाळाचा डमी आहे का, एईडी यंत्रावर (थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) सराव होतो का, प्रमाणपत्र किती वर्षं चालतं, आणि फीमध्ये पुस्तिका, परीक्षा, प्रमाणपत्र सगळं धरलंय का. मी विचारलं नसतं तर परीक्षा शुल्क वेगळं आहे हे मला शेवटच्या दिवशी कळलं असतं.

अर्जाला ओळखपत्राची प्रत, दोन फोटो आणि तब्येतीविषयी एक निवेदन जोडायचं होतं: गुडघे, पाठ, गरोदरपण, लॅटेक्सच्या मोज्यांची अ‍ॅलर्जी वगैरे. हा कागद घाईत भरू नका. जमिनीवर गुडघ्यांवर बसून बराच सराव असतो. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी डमी टेबलावर ठेवतात, पण आधी सांगितलं तरच तशी सोय होते.

मार्चची बॅच पुरेशी नावं आली नाहीत म्हणून रद्द झाली. निरोप अगदी आदल्या दिवशी आला. रजा टाकून बसले होते, त्यामुळे वैताग आला. फी पुढच्या बॅचला वळती केली, पण त्यासाठी पुन्हा एक अर्ज लिहून द्यावा लागला आणि पावतीची मूळ प्रत दाखवावी लागली. पावती जपून ठेवा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एकदाचा वर्ग लागला.

शिकवायला एक मॅडम होत्या, बरीच वर्षं अतिदक्षता विभागात नर्स म्हणून काम केलेल्या. सोबत मदतीला एक सर. वर्गात एक क्रीडाशिक्षिका, कारखान्यातले दोन सुपरवायझर, पहिल्या बाळाची वाट पाहणारं एक जोडपं, एक निवृत्त काका आणि आणखी काही जण. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं, "तुम्हाला इथे कुणी डॉक्टर करणार नाही. डॉक्टर भेटेपर्यंत काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, तेवढं शिकून जा."

सकाळ सगळी सीपीआरला. पण हात लावण्याआधीच्या गोष्टींवर त्यांनी जितका वेळ घेतला, तितका कुठल्याच व्हिडिओत पाहिला नव्हता. आधी आजूबाजूला बघायचं: उघडी वायर, रहदारी, गॅस. मग दोन्ही खांद्यांवर थोपटून मोठ्याने हाक. उत्तर नाही, तर मदतीला ओरडायचं, कुणा एकाकडे बोट दाखवून रुग्णवाहिका बोलवायला सांगायचं, दुसऱ्याला एईडी आणायला पिटाळायचं. "कुणीतरी फोन करा" म्हटलं की कुणीच करत नाही, म्हणून माणूस नेमून द्यायचा. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवायचा. आधी पत्ता सांगायचा, म्हणजे कॉल तुटला तरी गाडी निघते. पलीकडचा माणूस दाब कसे द्यायचे हेही सांगत राहतो.

मग श्वास बघायचा, जास्तीत जास्त १० सेकंद. इथे मॅडमनी एक चित्रफीत लावली. हृदय बंद पडलेला माणूस, आणि तरी तो अधूनमधून तोंड उघडून आचका देतोय, पाण्याबाहेर काढलेला मासा देतो तसा. वर्गातले बहुतेक जण म्हणाले, श्वास चालू आहे. नाही. हृदय थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत असे आचके येऊ शकतात, आणि त्यांना श्वास समजून लोक थांबून राहतात. सुरुवातीला काही सेकंद कधीकधी हातपायही झटकले जातात, त्यामुळे फिट आल्यासारखंही वाटू शकतं. हाकेला उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढ्या दोन गोष्टी दिसल्या की दाब सुरू. नाडी शोधत बसायचं नाही, घाबरलेल्या बोटांना ती सापडत नाही. मला वाटतं, या वर्गातून मी सगळ्यात मोलाचं काही आणलं असेल तर हेच. हातांची कृती थोड्या वेळात शिकता येते. काय झालंय ते ओळखून निर्णय घ्यायला जास्त शिकावं लागतं.

मग डमी. तळहाताचा मनगटालगतचा जाड भाग छातीच्या बरोबर मध्यावर, दुसरा हात त्यावर, बोटं गुंफलेली, कोपर ताठ, आणि खांदे हातांच्या बरोबर वर. जोर दंडातून न देता कंबरेपासून अंग झुकवून द्यायचा. मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटीमीटर खाली जायला हवी, ६ च्या पुढे नाही. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण तेवढ्यातच हृदयात पुन्हा रक्त भरतं. ३० दाब, २ श्वास. आमच्या डमीत खोली बरोबर झाली की आतून 'टक' असा आवाज यायचा आणि खांद्यावरचा दिवा हिरवा व्हायचा. ५ सेंटीमीटर बोलायला सोपं, पण प्रत्यक्षात ते बरंच खोल असतं. दोन मिनिटांच्या शेवटी माझे हात थरथरत होते आणि टक टक विरळ होत चालली होती. दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, ते वेगळं सांगावं लागलं नाही.

डमीचं तोंड पुसता पुसता मॅडमनी त्याचा इतिहास सांगितला. बंद छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त फिरतं ठेवता येतं, हे कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर या तीन अमेरिकन संशोधकांनी १९६० मध्ये मांडलं. त्याच वर्षी नॉर्वेतले खेळणी बनवणारे आसमुंड लेर्दाल यांनी सरावासाठीची पहिली बाहुली आणली. म्हणजे आज जीव वाचवणारी ही पद्धत माझ्या सासूबाईंपेक्षाही वयाने लहान आहे.

निवृत्त काकांनी तरुणपणी हेच प्रशिक्षण घेतलं होतं. तेव्हा त्यांना आधी श्वास आणि मग दाब असा क्रम शिकवला होता. २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत अमेरिकन हार्ट असोसिएशनने तो बदलला आणि दाब आधी आणले. दोन मिनिटं तोंडाशी घुटमळण्यात जाऊ नयेत, हा हेतू. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला मन धजत नसेल, तर मोठ्या माणसाला नुसते दाब दिले तरी चालतात. मुलं आणि बुडालेली माणसं यांचं वेगळं. त्यांच्यात बहुधा प्राणवायू संपल्यामुळे हृदय थांबलेलं असतं, म्हणून तिथे श्वास द्यायला शिकून घ्यावं.

"आणि बरगडी मोडली तर?" हा प्रश्न काकांनीच विचारला, पण तो माझ्याही मनात होता. मॅडम म्हणाल्या, मोडू शकते. मोडलेली बरगडी भरून येते. थांबलेलं हृदय मात्र आपण काही न करता सुरू होण्याची वाट पाहिली, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. हे ऐकल्यावर माझी भीती पूर्ण गेली असं नाही, पण ती कुठल्या बाजूला ठेवायची ते कळलं.

एईडीची मला फार धास्ती होती, आणि तेच सगळ्यात सोपं निघालं. यंत्र चालू केलं की ते बोलून सांगतं. छाती उघडी आणि कोरडी करायची, एक पॅड उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली. कुणीही रुग्णाला शिवायचं नाही. शॉक द्यायचा की नाही ते यंत्र ठरवतं. गरज नसेल तर बटण दाबूनही ते देत नाही.

जेवणानंतर घास अडकण्याचा भाग. पहिला प्रश्न इथेही ओळखण्याचाच. माणूस खोकतोय, बोलतोय, तर त्याला खोकू द्या, पाठीत धपाटे घालू नका. आवाजच फुटत नाही, हात गळ्याकडे गेलाय, ओठ निळे पडू लागलेत, तर मात्र थांबायचं नाही. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे ५ जोरदार थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून ५ वेळा आत-वर ओढायचं, घास निघेपर्यंत आळीपाळीने. पोटावरची ही पद्धत हेन्री हाइमलिक या अमेरिकन सर्जननी १९७४ मध्ये मांडली. थापा हव्यात की नकोत यावर बराच काळ दोन मतं होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही आधी ५ थापा, मग ५ पोटावरचे दाब, असाच क्रम दिला. गरोदर बाईला पोटाऐवजी छातीवर दाब द्यायचे. माणूस बेशुद्ध पडला, तर जमिनीवर निजवून सीपीआर.

मग मॅडमनी बाळाचा डमी माझ्या हातात दिला. डावा हात पुढे मांडीवर टेकवून त्यावर बाळ पालथं, जबडा माझ्या बोटांत धरलेला, डोकं छातीपेक्षा खाली. पाठीवर तळहाताने ५ थापा. मग दुसऱ्या हाताने डोकं आधारून त्याला उताणं करायचं, आणि छातीच्या मध्यावर ५ दाब. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर दाब द्यायचा नाही, तोंडात आंधळेपणाने बोटही घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. डमीचं वजन, मान धरल्यावर ती मागे कलणं, सगळं आमच्या बाळासारखंच होतं. माझे डोळे भरून आले. मॅडमनी घाई केली नाही. शेजारच्या होऊ घातलेल्या बाबांचीही तीच अवस्था होती. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी बाकी काही नाही तरी एवढा भाग प्रत्यक्ष हाताने शिकून घ्यावा, असं मला कळकळीने वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या आणि मनगटं दुखत होती. सैल कपडे घाला, केस बांधा, अंगठ्या घरी ठेवून या. सुरुवात कुशीवर वळवण्याने झाली, एकमेकांवरच. माणूस बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, अशा वेळी उताणं ठेवलं तर जीभ किंवा उलटी श्वास अडवू शकते. जवळचा हात काटकोनात, लांबचा हात गालाखाली, लांबचा गुडघा उभा करून आपल्याकडे ओढला की भारदस्त माणूसही सहज वळतो. मी क्रीडाशिक्षिकेला वळवलं, त्या माझ्यापेक्षा चांगल्याच उंच होत्या.

पुढचा तास मी सासऱ्यांसाठी कान देऊन ऐकला. रक्तातली साखर उतरली की घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. दारू प्यायल्यासारखं वाटू शकतं. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर १५ ते २० ग्रॅम साखर लगेच, म्हणजे पाण्यात विरघळवलेली तीन-चार चमचे किंवा गोड रस. बिनसाखरेचं पेय उपयोगाचं नाही. १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, फरक नसेल तर पुन्हा द्यायची. बरं वाटल्यावर काहीतरी खायला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून रुग्णवाहिका. साखर जास्त की कमी हे कळत नसेल तरी शुद्धीवरच्या माणसाला साखर द्यावी, कारण कमी झालेली साखर लवकर घात करते.

पक्षाघाताला तीन खुणा: हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला, दोन्ही हात वर केल्यावर एक खाली येतो, बोलणं अडखळतं. एक जरी दिसली तरी फोन. आणि माणूस शेवटचा बरा कधी दिसला ती वेळ लिहून ठेवायची. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. खायला-प्यायला काही नाही, अ‍ॅस्पिरिनही नाही, कारण मेंदूत गाठ आहे की रक्तस्राव हे बाहेरून कळत नाही. छातीत दुखतंय, घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे कळ, तिथे मात्र अ‍ॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात, अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर. पाठ टेकून, गुडघे दुमडून बसवायचं, चालवायचं नाही.

फिट आलेल्याला धरून दाबायचं नाही, दातात काही घालायचं नाही. आजूबाजूच्या वस्तू दूर, डोक्याखाली मऊ काहीतरी, आणि घड्याळ बघायचं. ५ मिनिटांपुढे गेली किंवा लागोपाठ दुसरी आली तर रुग्णवाहिका. थांबल्यावर कुशीवर.

भाजलं तर नळाचं वाहतं थंड पाणी २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. सूज यायच्या आत अंगठी-बांगडी काढायची, चिकटलेलं कापड ओढायचं नाही. आम्हाला घड्याळ लावून नळाखाली हात धरायला लावला, तेव्हा कळलं की २० मिनिटं किती लांब असतात. घोळणा फुटला तर डोकं मागे न करता पुढे वाकून नाकाचा मऊ भाग १० मिनिटं दाबायचा, मधे उघडून बघायचं नाही. रक्त वाहतंय तिथे थेट घट्ट दाब. घुसलेली वस्तू उपसायची नाही.

दुपारचा बराच वेळ त्रिकोणी पट्टी, झोळी, फळ्या यांत गेला. उपयोगी आहे, पण माझ्या मते तो जास्त झाला. त्यातला अर्धा वेळ डमीवर मिळाला असता तर बरं झालं असतं. अभिप्रायाच्या फॉर्मवर तसं लिहिलंय.

परीक्षा दोन भागांत. बहुपर्यायी प्रश्नांची लेखी, ती पुस्तिका वाचली असेल तर अवघड नाही. प्रात्यक्षिकात चिठ्ठी उचलायची. मला आली छातीत दडपण असलेली साठीची बाई. बसवलं, फोन करायला सांगितला, अ‍ॅलर्जी विचारून गोळी 'दिली'. तेवढ्यात परीक्षक म्हणाले, "आता ती उत्तर देत नाही." पोटात गोळा आला, पण तोंडातून आपोआप मोठ्याने शब्द निघाले: उत्तर नाही, श्वास बघते. जे कराल ते मोठ्याने बोलत करा. परीक्षकांना कळतं आणि आपलाही क्रम सुटत नाही.

प्रमाणपत्र तीन आठवड्यांत येईल म्हणाले होते, महिन्याच्या वर लागला. आलं ते आडनावाचं स्पेलिंग चुकून. ओळखपत्राची प्रत आणि दुरुस्तीचा अर्ज पुन्हा पाठवला, मग नवीन आलं. तपासायला मसुदा पाठवतात, तो मागून घ्या. आमचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. मुदत संपायच्या आत उजळणीचा छोटा वर्ग केला की पूर्ण वर्ग पुन्हा करावा लागत नाही, पण मुदत उलटली तर सगळं पहिल्यापासून.

घरी आल्यावर काही गोष्टी लगेच केल्या. साखर आणि चमचा सासऱ्यांच्या पलंगाजवळ. दारामागे एक कागद: पत्ता, जवळची खूण, दोघांची औषधं, अ‍ॅलर्जी, रुग्णवाहिकेचा नंबर. खोक्यात हातमोजे, गॉझ, रुंद पट्ट्या, कात्री, तोंडावर ठेवायचा श्वासाचा मास्क. सासूबाईंना फोनचा स्पीकर कसा लावायचा ते दाखवलं, आता त्याच इतरांना दाखवतात. सराव न केल्यास तीन ते सहा महिन्यांतच हे हातातून जाऊ लागतं, असं मॅडमनी बजावलं होतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवरा आणि मी घट्ट उशीवर दोन-दोन मिनिटं दाब देतो आणि बाळाच्या बाहुलीवर थापांचा क्रम म्हणतो. नवऱ्याचं नाव ऑगस्टच्या बॅचला घातलंय. यादीत अजून जागा आहेत, आणि मार्चसारखी बॅच रद्द होऊ नये म्हणून आम्ही शेजारच्या दोघांनाही सोबत यायला तयार केलंय.